भोरड्यांचा महोत्सव

पक्षी महोत्सव हा शब्द कुणी उच्चारला की अजूनही माझं डोकं उठतं. लोकांना वाटतं, बाईंना पक्ष्यांची एवढी आवड, त्यांना तर आनंद व्हायला पाहिजे. कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, म्हणून मी बहुतेक वेळा विषय बदलते. आज बदलत नाही.

मी निलंगा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. माहेर उमरीचं. नवरा लातूरला नोकरीला, मी निलंग्यात खोली करून राहते. शाळेचं गाव देवणीच्या अंगाला, स्कूटीवर अर्ध्या तासाच्या वाटेवर. गावाच्या अलीकडे एक पाझर तलाव लागतो. तसा काही फार मोठा नाही. मे महिन्यात त्याच्या तळाला भेगा पडतात आणि पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पण दिवाळीपासून होळीपर्यंत त्यात पाणी असतं आणि त्या पाण्यावर दूरदूरचे पक्षी येऊन हिवाळा काढतात. शाळा दहाची असली तरी मी साडेसहालाच घर सोडायचे ते त्यांच्यासाठी. भावानं दिलेली एक दुर्बीण, एक वही, आणि कानाला घट्ट बांधलेला रुमाल. एवढाच सरंजाम.

पहिल्या वर्षी मी अशीच बांधावर दुर्बीण लावून उभी होते, तर मागून आवाज आला.

"मोजणीवाल्या हैत का तुमी?"

वळून पाहिलं. सत्तरीचा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, शर्टावर लेकाचा असावा असा ढगळ स्वेटर. तलावाला लागून त्यांचंच शेत होतं.

"नाही. मी शाळेतली बाई. पक्षी बघते."

"बगून काय करता?"

"वहीत लिहून ठेवते."

"मंग?"

"मग काही नाही."

हे उत्तर त्यांना पटलं नाही, ते चेहऱ्यावर दिसलंच. जमिनीची मोजणी करायला आलेली बाई खरं सांगत नाही, असा त्यांचा संशय होता. त्यांनी विचारलं, "कुठल्या तुमी?"

"उमरीची."

"न्हाई, म्हंजी कुणापैकी?"

हा प्रश्न मला नवा नाही. दर नव्या गावात पहिल्या आठवड्यात तो येतोच. "आम्ही बौद्ध," मी म्हणाले आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. ते निघून गेले. मला वाटलं, संपलं. आता या बांधावरनं जायला मनाई होणार.

तसं झालं नाही. महिनाभरानं, एका कडाक्याच्या सकाळी, ते किटली घेऊन आले. "घ्या बाई. गारठा लई हाय." कप दोन्ही सारखेच होते. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागले.

मामांना पक्ष्यांची माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, फक्त ती वहीत नव्हती. पाण्याकाठी शेपटी हलवत फिरणारे पिवळे धोबी पाडव्याच्या आधी अंगावर हळद चढवल्यासारखे पिवळेजर्द होतात आणि मग एका सकाळी दिसतच नाहीत, हे मला त्यांनी दाखवलं. चक्रवाकांची जोडी जायच्या आधी दोन दिवस उगाच उठून तळ्यावर गिरक्या मारते, हेही. मी शिकलेली बाई. पक्षी येतात कधी, ते मी पुस्तकात वाचलं होतं. जातात कसे, ते मामांमुळे कळलं. मला ते जाणं जास्त आवडायला लागलं. फेब्रुवारी सरताना तळं थोडं थोडं रिकामं होत जातं. काल होते ते आज नाहीत, आणि कुणीतरी उत्तरेचे नवेच पाहुणे एका रात्रीपुरते उतरलेले असतात. रोज सकाळी काहीतरी वेगळं. त्या दिवसांत मी रजा घेत नसे.

पण या तळ्याची खरी मोठी गोष्ट म्हणजे भोरड्या. मैनेएवढा पक्षी, डोकं काळं, अंग गुलाबी. पळस फुलला की त्या फुलांवर तुटून पडतो, म्हणून कुणी पळसमैनाही म्हणतात. मध्य आशियातून येतात आणि चैत्राच्या सुमाराला परत जातात. जायच्या आधी आसपासच्या सगळ्या टोळ्या एका ठिकाणी मुक्कामाला जमतात. आमच्याकडं ते ठिकाण म्हणजे तलावाच्या कडेची बाभळीची राई. निम्मी वेडी बाभूळ, निम्मी आपली गावठी. काही झाडं सरकारी हद्दीत, काही मामांच्या बांधावर. दिवस कलला की चारी दिशांनी थवे यायचे, एकमेकांत मिसळायचे. धुरासारखे वळायचे, ताणायचे, गोळा व्हायचे, आणि मग एकदम, ओंजळीतून धान्य सोडावं तसे, बाभळीत उतरायचे. त्यानंतर अर्धा तास तो कलकलाट. मामा म्हणायचे, "दिवसभराचा हिसाब सांगायलेत एकमेकाला."

भोरड्या ज्वारी खातात. मामांचीही खायच्या. गावातल्या एकानं त्यांना बाभळी पेटवून द्यायचा सल्ला दिला होता. मामा म्हणाले, "ज्वारी चार दिस खात्यात, अळ्या चार म्हैने खात्यात. मी काय येडा हाय का?" बांधावरच्या बाभळीला त्यांनी कुऱ्हाड लागू दिली नाही. सरकारी बाजूलाही सरपणाला कुणी आलं की हाक मारायचे. त्यांना कुणी हे काम दिलं नव्हतं.

आता चूक माझी. ती आधी सांगते, कारण पुढं मला बाकीच्यांवर तोंड सोडायचं आहे.

एका संध्याकाळी मी मोबाईलवर त्या थव्यांचा व्हिडिओ काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. आमच्या मुख्याध्यापकांनी तो पुढं पाठवला. त्यांचा हेतू वाईट नव्हता, शाळेचं नाव होईल एवढंच. पुढच्यानं अजून पुढं. आठ दिवसांत तालुक्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. पक्षी महोत्सव घ्यायचं ठरलंय, समिती नेमलीय, बैठकीला या.

मी खुशीनं गेले, हे कबूल केलं पाहिजे. रात्रभर बसून दोन पानं लिहून नेली होती. गर्दी नको. लाउडस्पीकर नको. वीस-वीस माणसांच्या तुकड्या करा, संध्याकाळी मामांच्या शेतातून गुपचूप दाखवा. बाभळीपासून दोनशे पावलं लांब. समितीचे अध्यक्ष म्हणजे कामांची कंत्राटं घेणारा एक गृहस्थ, पांढरेशुभ्र कपडे, बोलायला गोड. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "एकदम बरोबर मॅडम. हे सगळं नोंद करून घ्या," असं शेजारच्याला सांगितलं. शेजारच्यानं मान हलवली. त्याच्या हातात पेन नव्हतं, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

मग कामाची वाटणी झाली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: रांगोळी व औक्षण.

"साहेब, माझ्याकडं पक्ष्यांची माहिती सांगायचं काम द्या की," मी म्हणाले.

"त्याला मोठ्या शहरातून तज्ज्ञ येणार आहेत मॅडम. तुम्ही लेडीज आहात, स्वागताचं तुमच्याइतकं छान कोण बघणार?"

बैठकीत वीस माणसं होती. भोरडी ओळखू शकेल असं माणूस एकच होतं, आणि त्याच्या हाती ते आरतीचं ताट देत होते. पक्ष्यांसाठी सोसू, असं मनाला समजावलं. आपण बायका असल्या गोष्टींसाठी फार लवकर मनाला समजावतो.

महोत्सव रविवारी होता. गुरुवारी संध्याकाळी आभाळ फाटलं. मार्चचा पहिला आठवडा, पण आधी वारं सुटलं, मग लिंबाएवढ्या गारा. निलंग्यात माझ्या खोलीवरचे पत्रे तासभर बडवून निघाले. शुक्रवारी पहाटे बाहेर पडले तर डिसेंबर परत आल्यासारखी थंडी. हात हँडलवर गोठले होते. रस्त्याच्या कडेला गारांचे ढीग अजून तसेच पडलेले.

मामा बाभळीखालीच होते. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. मला बघून म्हणाले, "बाई, या. बगा काय झालं ते."

खाली भोरड्या पडल्या होत्या. काही मेलेल्या, काही नुसत्या भिजून थिजलेल्या. वर फांद्यांवर हजारो तशाच बसून होत्या, पंख मिटून, मान आत ओढून. एरवी सूर्य उगवायच्या आत राई रिकामी होते. त्या दिवशी कुणी हललं नाही. मी शाळेला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. मामांनी घरून कोंबड्या झाकायची दोन डालगी आणली. जिवंत होत्या त्या आम्ही एक एक उचलल्या. हातात घेतली की पक्षी आहे असं वाटायचंच नाही, ओल्या बोळ्यासारखं गार काहीतरी, आणि आत मात्र काळीज धडधड धडधड. मामांच्या गोठ्यात त्यांची देवणी बैलजोडी बांधलेली होती. तिच्या अंगाची ऊब असते म्हणून डालगी तिथं, कडब्याच्या आडोशाला ठेवली. मामी चुलीतला निखारा घमेल्यात घालून घेऊन आल्या. म्हणाल्या, "कवाधरनं माज्या ज्वारीवर बसायलीत, आता माज्याच घरी पाव्हणे." पण घमेलं त्यांनी अगदी बेताच्या अंतरावर ठेवलं, आणि पुन्हा पुन्हा हात लावून पाहत राहिल्या, जास्त तापत तर नाही ना.

अकराच्या सुमाराला ऊन पडलं. डालग्यातून खडखड ऐकू यायला लागली. मामांनी एक डालगं अंगणात नेऊन उचललं. भोरड्या क्षणभर नुसत्या बसल्या, जणू त्यांना डालगं निघाल्याचं कळलंच नाही. मग एक उडाली आणि तिच्यामागं सगळ्या. मामा वर बघत हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी तिथूनच अध्यक्षांना फोन केला. पक्षी गारपिटीनं बेजार झालेत, दहा-पंधरा दिवसांत त्यांना हजारो मैलांच्या वाटेला लागायचं आहे, महोत्सव निदान आठवडाभर पुढं ढकला.

"पाहुण्यांची तारीख मिळालीय मॅडम," ते म्हणाले. "पक्ष्यांचं काय, ते उद्या पण असतील."

शनिवारी सकाळी तलावाच्या वळणावर आले आणि आधी आवाज ऐकला. जेसीबीचा. तो आवाज आमच्याकडं रोज कुठं ना कुठं असतोच, म्हणून पहिल्यांदा काही वाटलं नाही. वळण संपलं, आणि समोर आभाळ जरा जास्तच दिसलं. जिथं बाभळी असायच्या तिथं काहीच नव्हतं. उपटलेली झाडं एका कडेला ढीग करून टाकली होती, मुळं वर. पावसानं जमीन मऊ झालेली, त्यामुळं काम झटपट उरकलं म्हणे. हे मला ऑपरेटरनंच कौतुकानं सांगितलं.

"कुणी सांगितलं हे करायला?"

"पार्किंग हाय ना इथं. व्हीआयपी."

मामा बांधावर बसले होते. त्यांच्या हद्दीतल्या बाभळीही गेल्या होत्या. ते ओरडत नव्हते, नुसते त्या ढिगाकडं बघत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "हद्द कुठं हाय ते तरी इचारायचं. मी इथंच तर व्हतो. माझ्या बापानं लावलेली व्हती त्यातली दोन." मग विचारलं, "कामून उपटली बाई? पक्ष्याचाच कारेक्रम हाय ना?"

मी अध्यक्षांना फोन लावला.

पंधरा मिनिटांत अध्यक्षांची गाडी आली. ते उतरले, त्यांनी चिखलात पाय पडू नये म्हणून फळी टाकून घेतली. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता, एवढं आठवतं. ते शांत होते.

"मॅडम, तुम्ही सायन्सच्या ना? मग तुम्हाला माहीत पाहिजे. ही वेडी बाभूळ परदेशी आहे. पर्यावरणाला घातक. आम्ही ती काढून इथं देशी झाडं लावणार आहोत. पाहुण्यांच्या हस्ते."

"साहेब, ते पक्षीपण परदेशीच आहेत. त्यांना सांगा, देशी झाड दहा वर्षांनी मोठं होईल, तोपर्यंत थांबा म्हणून. आणि ह्या मामांच्या गावठी बाभळी कुठल्या देशातून आल्या होत्या?"

"नुकसानीचा अर्ज करायला सांगा त्यांना," ते म्हणाले आणि मंडपवाल्याशी बोलायला लागले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी गेले नाही. मामांच्या शेतात जाऊन उभी राहिले. वारं गार होतं. मामीही आल्या, डोक्यावरून पदर घट्ट घेऊन. सहाच्या सुमाराला पहिला थवा आला. नेहमीसारखा वळला, खाली झेपावला, आणि जिथं उतरायचं तिथं काही नाही म्हटल्यावर सगळा थवा झटक्यात वर गेला. दुसरा आला. तिसरा आला. ते एकत्र झाले, त्या रिकाम्या जागेवर गोल फिरायला लागले. खाली यायचे, वर जायचे. खाली, वर. मंडपाचे हॅलोजन तपासायला लावले, तेव्हा ते बिथरले आणि फुटले. अंधार पडेपर्यंत हे चाललं. मग कर्नाटकाच्या बाजूला, एक एक तुकडी करून, निघून गेले. मामी म्हणाल्या, "आता कुठं बसतील ओ?"

रविवारी मी रांगोळी काढली. हो, काढली. शाळेची पोरं सकाळी सातला आणून उभी केली होती, तोंडाला पुठ्ठ्याचे पक्ष्यांचे मुखवटे, अंगात स्वेटर नाही, कारण स्वेटरमुळं पोशाख दिसणार नाही असा हुकूम होता. ती कुडकुडत होती. मंडपाच्या दारावर मोठा फलक. त्यावर एक रंगीबेरंगी मोठ्या चोचीचा पक्षी, जो या खंडात कुठंच नसतो. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. त्यांच्यावर देशभक्तीपर गाणी. तळ्यावर दोन टिटव्या तेवढ्या होत्या. त्या ओरडत होत्या, पण त्यांचं ऐकू येत नव्हतं.

मामा धुतलेलं धोतर, टोपी घालून आले होते. मीच बोलावलं होतं. पुढून दुसऱ्या रांगेत बसले, तर बिल्ला लावलेल्या एकानं येऊन सांगितलं, "बाबा, मागं सरका, राखीव हाय." मी ताट हातात घेऊन दारात उभी होते, तिथून पाहिलं. मी पुढं होऊन म्हणाले, "अहो, त्यांच्याच शेतात गाड्या लागल्यात तुमच्या." तो म्हणाला, "मला काय माहीत मॅडम, मला यादी दिलीय." मामा उठून मागं गेले. शेवटच्या रांगेतही बसले नाहीत. कनातीला टेकून उभे राहिले.

पाहुणे सव्वानऊला आले. मी ताट शेजारच्या बाईंच्या हातात दिलं आणि बाजूला झाले. एवढं एक मला जमलं. पाहुण्यांनी रंगीत फुगे आकाशात सोडले. वाऱ्यानं ते खाली दाबले आणि निम्मे तळ्याच्या पाण्यावर जाऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शहरातून आलेले तज्ज्ञ मात्र खरे जाणकार होते. भाषणाआधी ते माझ्याकडं आले, हळूच विचारलं, "मॅडम, तो व्हिडिओ तुमचा ना? राई कुठं आहे?" मी त्यांना पार्किंगकडं घेऊन गेले. गाड्यांच्या मागं तो उपटलेल्या झाडांचा ढीग होता. त्यांनी तो पाहिला. चष्मा काढला, पुसला. "अरेरे," म्हणाले. मग मंचावर गेले आणि वीस मिनिटं बोलले. आयोजकांचं निसर्गप्रेम, लोकसहभाग, असा उपक्रम जिल्ह्याजिल्ह्यात व्हावा. ढिगाबद्दल एक शब्द नाही. अध्यक्षांना कळत नव्हतं असं म्हणून मी त्यांना एखादे वेळी माफही करीन. या माणसाला कळत होतं. त्याच्यावरचा माझा राग आजही गेलेला नाही.

शेवटी एकजण पक्षीगणनेचा तक्ता घेऊन माझ्याकडं आला. शाळेतर्फे नोंद आणि सही पाहिजे होती. मी लिहिलं: टिटवी दोन, पांढरा धोबी एक, कावळे सात, खंड्या एक. भोरडीच्या रकान्यात लिहिलं, निरंक. तो तक्ता घेऊन गेला आणि अध्यक्षांना घेऊन परत आला.

"मॅडम, हे काय? तुमच्याच व्हिडिओत हजारो आहेत."

"तो व्हिडिओ मागच्या महिन्यातला. आज जे दिसलं ते लिहिलंय."

"अंदाजे लिहा. दहा हजार. कोण मोजायला येणार आहे?"

"मी आलेय ना मोजायला," मी म्हणाले. "पाच वर्षं तेच करते. तुम्ही मला एक पक्षी दाखवा, मी एक लिहिते."

आजूबाजूचे लोक बघायला लागले होते. अध्यक्षांच्या आवाजातला गोडवा पहिल्यांदा उतरला. "मास्तरणीनं मास्तरकी करावी. सही करायची नसेल तर तसं लेखी द्या."

"देते की," मी म्हणाले. आणि त्याच तक्त्याच्या मागं लिहिलं: महोत्सवाच्या आदल्या दिवशी पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची राई जेसीबीने उपटून टाकल्यामुळे पक्षी उपलब्ध नाहीत. खाली सही, हुद्दा, तारीख.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं की हजारो पक्ष्यांच्या किलबिलाटात महोत्सव उत्साहात पार पडला. आठवड्यानं मला खुलासा मागवणारी नोटीस आली, शासकीय कार्यक्रमात असहकार केल्याबद्दल. मुख्याध्यापक म्हणाले, "कशाला नादी लागता मॅडम, सॉरी म्हणून द्या लिहून." मी चार पानं लिहून दिली, सोबत पाच वर्षांच्या वहीच्या झेरॉक्स. त्यावर कुणी उत्तर दिलं नाही, नोटीसही कुणी मागं घेतली नाही. ती तशीच लटकत आहे. मामांनी बाभळीबद्दल दरखास्त दिली. ती पुढं पाठवली आहे, एवढंच त्यांना तीन खेपांत कळलं. देशी झाडांची जी सात रोपं पाहुण्यांनी लावली, त्यांना पाणी कुणी घालायचं ते ठरलेलं नव्हतं. एप्रिलात ती वाळली. मामा म्हणाले, "मी घातलं असतं. पन मला कुणी सांगितलं न्हाई, आन मला पन राग आलता."

पुढच्या हिवाळ्यात त्या तळ्यावर बाकी सगळे आले. धोबी आले, चक्रवाक आले. भोरड्या दिवसा शेतात दिसायच्या, पण संध्याकाळ झाली की कुठं जातात ते कळेना. फेब्रुवारीत एका रविवारी मामा आणि मी त्यांच्या लेकाच्या मोटारसायकलवरून आणि माझ्या स्कूटीवरून थव्यांच्या मागं निघालो. दोनदा वाट चुकलो. दिवस मावळताना शेवटी सापडल्या. एका ओढ्याच्या काठी, दाट बाभळीत, रस्त्यापासून बऱ्याच आत. तिथं ना वस्ती, ना पायवाट. मामा म्हणाले, "बरी जागा धरली." आम्ही कलकलाट थांबेपर्यंत उभे राहिलो. थंडीनं मामांचे दात वाजत होते, तरी ते निघा म्हणेनात.

सोमवारी शाळेत मुख्याध्यापकांनी एक पत्र दाखवलं. यंदाही महोत्सव घ्यायचा आहे, आपल्या परिसरात पक्ष्यांची मुक्कामाची ठिकाणं असल्यास कळवावीत.

"तुम्ही फिरता सगळीकडं," ते म्हणाले. "कुठं दिसल्या का भोरड्या?"

"नाही सर," मी म्हणाले. "कुठंच नाहीत."

मग तास सुरू झाला आणि मी सातवीच्या वर्गावर गेले. धडा होता निरीक्षण. फळ्यावर लिहिलं: जे पाहिलं तेच लिहावं, पाहिलेलं लपवू नये. लिहिताना खडू मोडला. पोरांनी वह्या उघडल्या आणि ते वाक्य उतरवून घ्यायला लागली, आणि मला खोटं बोलायला लावणाऱ्या त्या महोत्सववाल्यांचा मला पुन्हा एकदा, अगदी नव्यानं संताप आला.